चेलोवर नाचाच्या चाली : स्कॉटिश परंपरा आणि सप्तकाचा प्रश्न

फिडलवर बांधलेली नाचाची चाल चेलोवर घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो सप्तकाचा. लोकसंगीतवाल्यांचं फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. त्याच्या तारा खालून वर जी, डी, ए, ई अशा लागतात, चेलोच्या सी, जी, डी, ए. लगतच्या दोन तारांत दोन्हीकडे षड्ज-पंचमाचंच अंतर. मात्र चेलोचा सगळा पसारा व्हायोलिनपेक्षा एक सप्तक आणि वर एक पंचम इतका खाली. हात पहिल्या पोझिशनमधून न हलवता फिडलवाला दोन सप्तकं आणि वर दोन स्वर एवढ्या आवाक्यात फिरतो; चेलोवाल्याला दोन सप्तकं आणि वर एक स्वर मिळतो. म्हणजे आवाका जवळजवळ सारखाच, फक्त जागा वेगळी. चाल नेमकी कुठे बसवायची, यावर स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिकेतल्या वादकांनी गेली काही दशकं बरंच वाजवून पाहिलं आहे. त्या सगळ्याचा हा आढावा.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. या प्रश्नाकडे आजवर वरच्या आणि खालच्या टोकाच्या स्वरांचा हिशेब म्हणून फार पाहिलं गेलं. स्वर मावले की काम झालं, असं समजून कितीतरी चाली चेलोवर आणल्या गेल्या आणि त्या जमिनीला चिकटून बसल्या. नाचाची चाल माणसाला जागचं उठवते ती दोन गोष्टींमुळे : चालीच्या दुसऱ्या भागातली चढण आणि गजाचा आघात. या दोन गोष्टी आधी सांभाळाव्यात आणि सप्तक त्यांच्या सोयीने ठरवावं.

चेलो या संगीतात अलीकडे घुसला, हा समज आधी दूर करायला हवा. डेव्हिड ॲलन या स्कॉटिश चित्रकाराने १७८० साली ब्लेअर ॲथॉल इथल्या हायलंड लग्नाचं चित्र काढलं. त्यात नाचणाऱ्यांच्या बाजूला बसून नील गाउ फिडल वाजवतो आहे आणि त्याच्याजवळ त्याचा भाऊ डोनाल्ड चेलो. नील गाउ (१७२७–१८०७) हा पर्थशरमधल्या इन्व्हर गावचा, ॲथॉलच्या ड्यूकांच्या आश्रयातला, त्या काळातला सर्वांत नावाजलेला फिडलवादक. त्याचा पहिला चालसंग्रह १७८४ साली निघाला, आणि चेलोसाठी किंवा हार्प्सिकॉर्डसाठी खर्जाची ओळ सोबत असल्याचं त्याच्या नावातच नोंदलेलं आहे. त्याच्याही आधी, १७५७पासून, रॉबर्ट ब्रेमनरने एडिनबरामध्ये रील या वेगवान नाचप्रकाराचे संग्रह छापायला घेतले होते. त्यांच्या नावातही ‘व्हायोलोनचेलो’ आहेच. म्हणजे छापील स्कॉटिश नाचसंगीतात चेलो अठराव्या शतकापासूनच पानावर हजर आहे.

पानावरची ती ओळ मात्र अगदी साधी. मात्रेला एक स्वर, कुठे अर्ध्या पट्ट्याला (म्हणजे बारला) एक, चालीच्या आधारस्वराभोवती फिरणारा. तेवढीच ओळ पाहून चेलोवाला कंटाळत असेल असं वाटतं, पण ती ओळ म्हणजे सांगाडा. पियानो नाही, ढोल नाही, ध्वनिवर्धक नाही, शंभर पावलं लाकडी जमिनीवर आपटताहेत, अशा दालनात फिडलचा बारीक आवाज दूरच्या जोडीपर्यंत पोचतो की नाही, याची खात्री नसे. पाऊल केव्हा टाकायचं हे खालून येणारा चेलोचा ठोका सांगत असे. पुढे ‘स्ट्रॅथस्पेचा राजा’ म्हणून गाजलेला जेम्स स्कॉट स्किनर (१८४३–१९२७) लहानपणी पीटर मिल्न या फिडलवादकाबरोबर नाचांच्या मैफलींत चेलोवर साथ करत हिंडला होता. पायाखालचा ठेका तो आधी खर्जातून शिकला आणि नंतर त्याने तो फिडलवर गाजवला. इंग्लंडमध्येही हेच होतं. थॉमस हार्डीचे आजोबा स्टिन्सफर्डच्या चर्चमध्ये चेलो वाजवत आणि त्या घरातली मंडळी गावातल्या नाचांनाही वाजवत. हार्डीच्या १८७२ सालच्या ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ या कादंबरीतला वादकांचा ताफा याच घरच्या आठवणींतून आला आहे.

एकोणिसाव्या शतकात पियानो आला, मग ॲकॉर्डियन. ॲकॉर्डियनवादक जिमी शँडच्या काळातल्या स्कॉटिश नाच-बँडमध्ये चेलोला जागा उरली नव्हती. तो कॉन्सर्ट हॉलमध्ये गेला आणि नाचाच्या दालनातून जवळजवळ पुसला गेला. तो परत आणण्याचं श्रेय बऱ्याच अंशी अमेरिकेतल्या मंडळींना द्यावं लागतं. ॲबी न्यूटन यांनी जीन रेडपाथ या स्कॉटिश गायिकेला चेलोची साथ केली आणि १९९७ साली ‘क्रॉसिंग टू स्कॉटलंड’ ही स्वतःची तबकडी काढली. ॲलस्डेअर फ्रेझर हे स्कॉटिश फिडलवादक कॅलिफोर्नियात स्थायिक झाले. तिथे १९८४ साली त्यांनी ‘व्हॅली ऑफ द मून’ ही फिडलची शिबिरशाळा सुरू केली. नॅटली हास अकराव्या वर्षी त्या शिबिरात चेलो घेऊन आल्या. दोघांची ‘फायर अँड ग्रेस’ ही तबकडी २००४ साली निघाली आणि तिला स्कॉटलंडमध्ये वर्षातल्या उत्तम पारंपरिक तबकडीचा मान मिळाला. ज्याला हा विषय कानाने समजून घ्यायचा आहे त्याने तिथूनच सुरुवात करावी. गाउ बंधूंची जोडी पुन्हा उभी राहिली, पण एक मोठा फरक पडला. हास यांचा चेलो खर्ज धरतो, ठोका देतो आणि मध्येच पुढे येऊन चालही वाजवतो. सप्तकाचा प्रश्न या शेवटच्या गोष्टीमुळे उभा राहतो.

चाल चेलोवर घेण्याच्या वाटा मोजक्याच आहेत.

पहिली, आणि आज सर्वांत रुळलेली, म्हणजे चाल एक सप्तक खाली घेणं. पट्टी तीच राहते, त्यामुळे फिडल, बासरी, बॅगपाइप कोणाहीबरोबर वाजवता येतं. अडचण अशी की फिडलच्या ई तारेवरचे सगळे स्वर चेलोवर पहिल्या पोझिशनच्या पलीकडे जातात. फिडलवर ई तार म्हणजे नुसतं बोट पुढच्या तारेवर टाकणं. चेलोवर तेच स्वर घ्यायला हात ए तारेवर खाली, पुलाच्या दिशेने सरकवावा लागतो आणि वरच्या काही स्वरांसाठी अंगठाही तारेवर आणावा लागतो. चेलोची तार जवळपास ६९ सेंटिमीटर, व्हायोलिनची ३३. मोकळ्या तारेपासून पहिला पूर्ण स्वर व्हायोलिनवर साडेतीन सेंटिमीटरवर सापडतो, चेलोवर साडेसात सेंटिमीटरवर. रीलच्या वेगात असल्या उड्या मारणं सोपं नाही. तरीही मी ही वाट पहिली मानतो, कारण डी आणि ए तारांवर चेलोचा आवाज माणसाच्या गळ्यासारखा लागतो आणि चालीचे शब्द, म्हणजे तिच्या हरकती, स्पष्ट कळतात.

दुसरी वाट दोन सप्तकं खाली. नवशिक्यांना हीच आवडते, कारण फिडलचे वरचे स्वर चेलोच्या पहिल्या पोझिशनमध्ये आरामात येतात. फिडलचा सर्वांत खालचा जी मात्र चेलोच्या सी तारेच्याही खाली जातो, म्हणजे तो मिळतच नाही. त्याच्या वरचे ए आणि बीसुद्धा जातात. डीच्या खाली न उतरणाऱ्या चाली, आणि आयरिश बासरीच्या बऱ्याच चाली तशा असतात, या वाटेने पूर्ण मावतात. पण मावणं आणि वाजणं यांत मोठं अंतर आहे. रील नाचाच्या वेगात वाजली की सेकंदाला सातहून अधिक स्वर पडतात. चेलोची सी तार सेकंदाला साधारण ६५ वेळा कंप पावते. म्हणजे त्या वेगात एका स्वराच्या वाट्याला जेमतेम नऊ कंपनं येतात. मधल्या ए स्वराला त्याच वेळात साठाच्या आसपास कंपनं मिळतात. नऊ कंपनांत स्वर नीट ओळखायला कानाला जेमतेमच उसंत मिळते, शिवाय जाड तार गजाला उशिरा दाद देते ते वेगळंच. म्हणून खर्जातली रील घरघरते. मार्च किंवा वॉल्ट्झ या जागी चालतं, रील नाही.

तिसरी वाट म्हणजे तारेला तार लावणं. फिडलच्या ई तारेवरचं ते चेलोच्या ए तारेवर, ए वरचं डीवर, असं सगळं एक सप्तक आणि पंचम खाली. यात तारांवरची मांडणी जशीच्या तशी राहते. फिडलवर ज्या जागी तार बदलते त्याच जागी चेलोवर बदलते, आणि चालीचा झोका पुष्कळदा याच बदलांत असतो. पहिल्या पोझिशनबाहेर जातो तो फक्त एक स्वर, फिडलच्या ई तारेवरचं चौथं बोट. किंमत अशी की पट्टी बदलते. फिडल डीमध्ये वाजवत असेल तर चेलो जीमध्ये. आपल्याला पट्टी बदलण्याचं काही वाटत नाही. गायिका काळी चारमध्ये गाते, तेच भजन गायक काळी एकमध्ये गातो आणि भजन तेच राहतं. स्कॉटिश आणि आयरिश मैफलीत मात्र पट्टी वाद्यांनी ठरवलेली असते. पाइपची छिद्रं आणि बासरीची छिद्रं हलवता येत नाहीत. म्हणून ही वाट एकट्याने वाजवायला उत्तम, चार जणांत बसल्यावर निरुपयोगी. शिकणाऱ्याने मात्र प्रत्येक चाल एकदा तरी अशी वाजवावी, असं मला आग्रहाने सांगावंसं वाटतं. फिडलचा हात काय करतो हे याच वाटेने चेलोवाल्याच्या हाताला कळतं.

चौथी वाट म्हणजे चालच थोडी बदलणं. वर जाणारा तुकडा सप्तकभर खाली वळवायचा, किंवा तीन स्वरांच्या घोळक्यातला एक गाळायचा. शुद्धतावाद्यांना हे खपत नाही. पण लोकधुनेचं एकच शुद्ध रूप कधी नव्हतंच. दोन खोऱ्यांतले दोन फिडलवाले एकच रील वेगळी वाजवत आले आहेत. माझी हरकत आहे ती बदल कुठे केला जातो याला.

या चालींची बांधणी साधारण ठरलेली असते. आठ पट्ट्यांचा एक भाग, आठांचा दुसरा, दोन्ही दोनदा, मिळून बत्तीस. पहिला भाग बहुधा खालच्या आणि मधल्या स्वरांत घुटमळतो आणि दुसरा वर चढतो. आपल्याकडच्या स्थायी आणि अंतऱ्यासारखंच हे, आणि कारणही तेच : दुसऱ्या भागात नाच रंगात यायला हवा. आता चेलोवाल्याने सोय म्हणून दुसरा भाग सप्तकभर खाली घेतला, तर तो पहिल्या भागाच्याही खाली जाऊन बसतो. नाचणारे ज्या जागी उसळणार तिथे चाल खाली बसते. छापील चेलो-संग्रहांत हा दोष मला वारंवार दिसतो. ज्याला दुसरा भाग वर पेलत नाही त्याने पहिला भाग खाली घ्यावा. पहिला भाग दोन सप्तकं खाली, दुसरा एक सप्तक खाली, असं केलं की चढण टिकते, उलट वाढते. मधला सांधा जुळवायला एखादा पट्टा बदलावा लागतो, तेवढी मोकळीक घ्यायला काहीच हरकत नाही.

पाइपच्या चाली या हिशेबात चेलोच्या जवळच्या ठरतात, आणि याकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं आहे. हायलंड पाइपच्या चाल वाजवायच्या नळीवर फक्त नऊ स्वर असतात, लिहिताना जी ते ए, एक सप्तक आणि वर एक स्वर. ‘द ॲथॉल हायलंडर्स’ ही सहा-आठच्या ठेक्यातली पाइपची चाल घेऊ या. ॲथॉलच्या ड्यूकांच्या पलटणीच्या नावाची, मुळात मार्च, पण फिडलवाले तिला जिग म्हणून सर्रास वाजवतात. ती दोन सप्तकं खाली उतरवली की पाइपचा सर्वांत खालचा जी चेलोच्या मोकळ्या जी तारेवर येतो आणि सर्वांत वरचा ए मोकळ्या ए तारेवर. नऊच्या नऊ स्वर पहिल्या पोझिशनमध्ये. जी तारेवर ए, बी आणि सी शार्प घेताना हात ताणावा लागतो, पहिलं बोट एवर ठेवून दुसरं बीवर आणि चौथं सी शार्पवर. डी तारेवर तेवढाही ताण नाही. सहा-आठचा वेग रीलपेक्षा थोडा सैल असतो, म्हणून इथे खर्जही चालून जातो.

तीच चाल एक सप्तक खाली घेतली तर आणखी एक लाभ होतो. आता वरचा ए नेमका चेलोच्या ए तारेच्या मध्यावर पडतो. तिथे बोट दाबायचंच नाही, नुसतं टेकवायचं. तार मध्यावर दुभंगते आणि स्वर घंटेसारखा निघतो. वेगात उडी मारून त्या जागी पोचताना बोट केसभर चुकलं तरी स्वर लागतो, आणि चालीतला हा सर्वांत वरचा, सर्वांत लखलखीत स्वर असा फुकट मिळतो. तुकडा डी तारेवर असताना बाजूची मोकळी ए तार गजाखाली धरली की पाइपच्या घुमणाऱ्या नळ्यांसारखा अखंड षड्जही मिळतो. मी शिकवताना पहिल्या पाळीत चाल दोन सप्तकं खाली आणि दुसऱ्या पाळीत एक सप्तक खाली वाजवायला सांगतो. मुलांच्या चेहऱ्यावर दुसऱ्या पाळीच्या आरंभी जो उजेड पडतो त्यावरून चढण म्हणजे काय ते त्यांना समजल्याचं मला कळतं.

पाइपवाले मधूनमधून जे निमिषभराचे खटके टाकतात ते मात्र चेलोवर बरेचसे सोडून द्यावेत. पाइपचा आवाज तोडता येत नाही. एकच स्वर दोनदा वाजवायचा तर मध्ये दुसऱ्या स्वराचा टोला द्यावाच लागतो. ती त्या वाद्याची गरज होती. गजाला आवाज तोडता येतो, त्यामुळे चेलोवर ते काम गजाने करावं. फिडलवरचं ‘बर्ल’, म्हणजे एकाच स्वरावर गजाने दिलेले झटपट तीन आघात, हेही जी आणि सी तारेवर बोलत नाही. तिथे एकच स्वर घ्यावा, पण दाब देऊन.

गजाबद्दल खरं तर वेगळा लेख व्हावा. स्ट्रॅथस्पे या स्कॉटिश नाचप्रकारात जो प्रसिद्ध झटका असतो, पहिला स्वर तोकडा आणि जोरकस, लगेचचा दुसरा लांब, तो चेलोवर सर्वांत आधी बिघडतो. चेलोचा गज साधारण ८० ग्रॅमचा, व्हायोलिनचा ६०चा. जडपणा हा शत्रू नाही; मुठीजवळच्या भागात गज आधी तारेला चिकटवून मग सोडला तर तोच जडपणा झटक्याला धार देतो. पण शास्त्रीय शिक्षणात चेलोवाल्याला गज लांब, एकसंध ओढायला शिकवतात, गज बदलल्याचं ऐकू येऊ नये म्हणून वर्षानुवर्षं घासून घेतात. नाचात गज बदलल्याचं ऐकू आलंच पाहिजे. चांगल्या घराण्यात शिकलेली चेलोवादक मंडळी सगळे स्वर बिनचूक लावूनही नाच उभा करू शकत नाहीत, त्याचं मूळ मला इथे दिसतं. चाल चेलोवर उतरवून देणाऱ्याने बोटांचे आकडे लिहिण्याआधी गजाच्या खुणा लिहाव्यात. फार थोडे लिहितात.

डोनाल्ड गाउचं काम कमी लेखण्याची चूक तर मुळीच करू नये. चाल चेलोवर आणणं म्हणजे चेलोने चालच वाजवली पाहिजे असं नाही. फिडल चाल वाजवत असताना चेलोने खालून खर्ज धरणं, मधल्या जागेत दोन-दोन स्वरांनी भरणं, हाही रूपांतराचाच भाग. इथे एक भौतिक नियम पाळावा लागतो : खालच्या सप्तकात षड्ज आणि गंधार एकत्र वाजवले की आवाज गढूळ होतो. तिथे पंचम घ्यावा किंवा सप्तक, आणि गंधार हवाच असेल तर तो वरच्या सप्तकात टाकावा. गज तारेवर उभा आपटून कोरडा ठोका काढण्याची ‘चॉप’ नावाची युक्ती अमेरिकन ब्लूग्रास फिडलवादक रिचर्ड ग्रीनने १९६०च्या दशकात रूढ केली, डॅरल अँगरने ती पुढे नेली आणि आता चेलोवालेही ती सर्रास वापरतात. चेलो एकाच वेळी खर्ज आणि ढोल होतो तो या युक्तीने.

आयरिश बाजूला पाहिलं तर चेलोसाठी झालेलं काम संथ गाण्यांकडे झुकलेलं दिसतं. इल्सा डी झिया यांचं आयरिश चालींवरचं एकल चेलोचं काम मनापासून केलेलं आहे, पण ते ‘एअर’ म्हणजे विलंबित गीतांवर आहे. चेलोचा आवाज शोकाला चांगला लागतो, हे खरं. म्हणूनच नाचाच्या चालींवर जास्त मेहनत व्हायला हवी होती.

हंगेरी आणि ट्रान्सिल्व्हेनियात हा प्रश्न वेगळ्याच तऱ्हांनी सुटला. पूर्व ट्रान्सिल्व्हेनियातल्या ग्यिमेश खोऱ्यात ‘गार्डोन’ नावाचं चेलोच्या आकाराचं वाद्य आहे. त्याच्या तारांवर काठीने ठोके देतात आणि मध्ये तार उपटून फटकारतात. चाल त्यावर वाजतच नाही. यानोश झेरकुला फिडल वाजवत आणि त्यांच्या पत्नी रेगिना फिको गार्डोन. चाल आणि ठेका असं हे स्वच्छ वाटप. कोडाइ या हंगेरियन संगीतकाराने नेमकं उलट केलं. १९१५ सालच्या त्याच्या एकल चेलो सोनाटात खालच्या दोन तारा अर्ध्या स्वराने उतरवल्या आहेत. तिसऱ्या भागात एकटा चेलो चाल, घुमारा आणि ठेका तिन्ही वाजवतो. तारा वेगळ्या लावून चालीला घर करून देण्याची ही रीत गावातल्या फिडलवाल्यांनाही ठाऊक होती. बार्तोकची ‘रुमेनियन लोकनृत्यं’ (१९१५) मुळात पियानोसाठी लिहिलेली. लुइजी सिल्व्हाने ती चेलोवर आणली. त्यातली तिसरी धून धनगरी बासरीची. झोल्तान सेकेयने व्हायोलिनवर उतरवताना ती बोट टेकवून काढलेल्या शिटीसारख्या स्वरांत घेतली आणि बासरीचा पोत राखला. सप्तकापेक्षा पोत महत्त्वाचा मानणारं हे रूपांतर मला फार शहाणं वाटतं.

बाखचे सहा चेलो सुइट हे तर बहुतांशी नाचच : आलमांद, कुरांत, साराबांद, जिग. आज त्यांवर कुणी नाचत नाही, पण त्यांत एक उत्तर दडलेलं आहे. सहावा सुइट पाच तारांच्या चेलोसाठी लिहिलेला आहे, आणि ती पाचवी, सर्वांत वरची तार ई आहे. फिडलची ई तार एक सप्तक खाली! पाच तारा असल्या की एक सप्तक खालच्या वाटेतली जवळजवळ सगळी उडीच संपते. दुसरा भाग हाताखाली येतो. आजही काही वादक असं वाद्य बनवून घेतात. सास्किया राव-द हास यांनी हिंदुस्थानी संगीतासाठी घडवून घेतलेल्या लहान, मांडी घालून वाजवायच्या चेलोलाही पाच तारा आहेत, शिवाय खाली तरफा. पाच तारांच्या वाद्यावर गजाला प्रत्येक तारेसाठी कमी जागा मिळते आणि नेमक्या झटक्याच्या जागी शेजारची तार लागून जाण्याची भीती असते. तरीही लोकनृत्य गंभीरपणे वाजवू पाहणाऱ्याने हे वाद्य एकदा हातात घ्यावं. मला तो या प्रश्नाचा सर्वांत सरळ उपाय वाटतो.

आपल्याकडे या विषयाचा खरा धागा गोव्यात सापडतो. मांडो या नृत्यगीतामागोमाग येणारं दुलपद सहा-आठच्या ठेक्यात असतं, म्हणजे जिगच्याच. साथीला व्हायोलिन आणि घुमट हे तालवाद्य. चर्चच्या शाळांतून व्हायोलिन शिकलेले गोमंतकीय पुढे मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदांत गजाच्या वाद्यांवर बसले, त्यात चेलोही आला. दुलपद चेलोवर घेणं स्कॉटिश रीलपेक्षा सोपं आहे, कारण ते मुळात गळ्यासाठी बांधलेलं; पुरुषी गळ्याच्या सप्तकात ते चेलोच्या डी आणि ए तारांवर सहज बसतं. काळजी घ्यायची ती दुसऱ्या आवाजाची. मांडो-दुलपदात दोन आवाज गंधाराच्या किंवा धैवताच्या अंतराने जोडीने चालतात. दोन्ही आवाज एकट्या चेलोवर घ्यायचे असतील तर गंधाराचं अंतर खालच्या तारांवर टाळावं. खालचा आवाज वरच्या सप्तकात नेला की तेच अंतर धैवताचं होतं आणि स्वच्छ वाजतं. खर्जाकडे मात्र जाऊ नये, कारण तो थर घुमटाचा आहे, आणि सी तारेचा घुमारा त्यावर पसरला तर नाचणाऱ्यांना ठेका ऐकूच येणार नाही.